अकरा वाजेपर्यंत मळा, अकरानंतर शाळा

मराठी कादंबरीतली मुलं आठवायला बसलो की पहिल्या फटक्यात तीन येतात. साने गुरुजींचा श्याम, प्रकाश नारायण संतांचा लंपन आणि मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’मधला मुकुंद जोशी. (लंपनच्या खरं तर कथा, पण सलग वाचल्या की कादंबरीच होते.) तिघांची दुनिया वेगळी, काळ वेगळा, भाषा वेगळी. तरी एक गोष्ट तिघांकडे सारखी आहे. शिकायचं की नाही हा वाद त्यांच्या घरात नाही. श्यामच्या घरी पैशाची चणचण आहे, पण पोरानं शिकावं हे आईवडिलांना हवंच आहे. लंपनची दुःखं आईबाबांपासून लांब, आजीआजोबांकडे राहण्यातून येतात. मुकुंदला तर शाळा इतकी गृहीत आहे की शिरोडकर दिसावी एवढंच तिचं खरं प्रयोजन.

आनंद यादवांच्या ‘झोंबी’तला आनंदा यांच्या रांगेत बसला की एकदम लक्षात येतं, आपण ज्याला बालपण म्हणतो त्यात किती गोष्टी आधीच कुणीतरी भरून ठेवलेल्या असतात. आनंदाला शाळा मिळवायची आहे, तीही स्वतःच्या बापाकडून. आणि ती मिळते तेव्हा अख्खी मिळत नाही, तासांच्या हिशोबात मिळते.

‘झोंबी’ १९८७ साली आली. १९९० मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यावर आत्मचरित्रात्मक कादंबरी असा शिक्का आहे. पुढे ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ हे तिचे पुढचे भाग आले. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं कागल. लेखकाचा जन्म १९३५चा, म्हणजे आनंदाचं बालपण साधारण स्वातंत्र्याच्या आगेमागे घडतं. गंमत अशी की या कादंबरीचा एक तुकडा महाराष्ट्राबाहेरच्या पोरांनी जास्त वाचलेला असण्याची शक्यता आहे. एनसीईआरटीच्या बारावीच्या हिंदीच्या ‘वितान’ या पूरक पुस्तकात तो ‘जूझ’ या नावानं आहे. सीबीएसईला हिंदी घेतलेल्या कुठल्याही मित्राला विचारा, त्याला दत्ताजीराव देसाई आठवतील. सौंदलगेकर मास्तर आठवतील. आणि ‘कथानायकाच्या संघर्षाची वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्नही आठवेल.

त्या प्रश्नाशीच माझं भांडण आहे. ‘गरिबीतून शिकून मोठा झालेला मुलगा’ ही गोष्ट आपण आता तीस सेकंदांच्या रीलमध्ये बघतो. मागे व्हायोलिन, पुढे पदवीची टोपी. ‘झोंबी’ त्या साच्यात सहज बसते, म्हणून तर ती नीट वाचली जात नाही. नीट वाचली तर तिच्यात जिंकण्याबरोबर आणखी एक गोष्ट सतत चालू असते, आणि ती कादंबरीच्या भाषेतच लपलेली आहे. तिथपर्यंत जाण्याआधी तो प्रसिद्ध प्रसंग पुन्हा बघू.

आनंदाला बापानं, म्हणजे दादानं, पाचवीतून काढून मळ्यात घातलंय. दिवाळी सरलीय. आई उन्हात शेण्या थापतेय, पोरगं तिला पाणी आणून देतंय आणि तेवढ्यात शाळेचा विषय काढतंय. मळ्यात जन्मभर राबून हाती काही लागणार नाही, शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे येतील, असं त्याचं म्हणणं. ज्ञान, संस्कार, देशसेवा असला एक शब्द नाही. एवढ्या लहान मुलाला इतका कोरडा व्यवहार कळतो हे वाचताना आधी चमकायला होतं, मग लक्षात येतं की ज्या घरात रोज हिशोब होतो तिथल्या पोराला तो कळणारच.

आईला पटतं. पण ती दादाशी बोलू शकत नाही. शाळेचं नाव काढलं की तो अंगावर येतो. मग मायलेक रात्री गुपचूप दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातात. हे गावातलं बडं प्रस्थ, आणि दादा ज्यांच्यापुढे मान खाली घालतो असा एकमेव माणूस. तिथे ठरतं ते एखाद्या नाटकासारखं. दादा घरी आला की त्याला वाड्यावर धाडायचं. अर्ध्या तासानं आनंदानं त्याला शोधत आल्यासारखं तिथे यायचं. आणि आपण आधी येऊन गेलो हे दादाला अजिबात कळू द्यायचं नाही.

सगळं ठरल्याप्रमाणे घडतं. देसाई सहज विचारल्यासारखं करून पोराला विचारतात, कितवीत आहेस. मग दादाची हजेरी घेतात. दादा बचावात पोराविरुद्ध आरोपांची यादी वाचतो: शेण्या विकतो, चारा विकतो, सिनेमे बघतो, कामात लक्ष नाही. देसाई त्याला उलट सुनावतात की बायकापोरांना कामाला जुंपून तू स्वतः गावात मोकाट हिंडतोस. शेवटी पोराला सांगतात, यानं नाही पाठवलं तर माझ्याकडे ये, मी शिकवतो.

हा प्रसंग ‘आईची माया आणि भल्या माणसाची मदत’ म्हणून शिकवला जातो. मला त्यात वेगळंच काही दिसतं. मुलाच्या शिकण्याचा निर्णय कुठल्या वाटेनं झाला ते बघा. घरात बाप सर्वेसर्वा. त्याला हलवायला त्याच्याहून मोठा सर्वेसर्वा लागला. हक्क नावाची गोष्ट या अख्ख्या व्यवहारात कुठेच नाही. आहे ती मोठ्या माणसाची मर्जी, आणि ती वळवून घेणारी बाईची हुशारी. आनंदाची आई या कादंबरीतली सगळ्यात मोठी राजकारणी आहे, आणि तिचं राजकारण यशस्वी होण्याची अटच ही की ते कुणाला दिसू नये.

हे सगळं कागलमध्ये घडतंय हे विसरू नये. राजर्षी शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. त्यांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यानंतर पाव शतकाहून जास्त काळ लोटल्यावर त्याच कागलातल्या एका पोराला पाचवीच्या वर्गात बसण्यासाठी वाड्यावर जाऊन कट करावा लागतो. कायदा कागदावरून मळ्याच्या बांधापर्यंत पोचायला किती वेळ घेतो, याचं मोजमाप कुठल्या अहवालापेक्षा या प्रसंगात चांगलं मिळतं.

आता दादाच्या अटी. दिवस उगवायला मळ्यात हजर व्हायचं. अकरापर्यंत काम. सकाळी येतानाच दप्तर घेऊन यायचं आणि मळ्यातूनच परस्पर शाळा गाठायची. शाळा सुटली की घरी दप्तर टाकून परत मळ्यात, तासभर गुरं चारायची. आणि कामाचा रेटा असेल त्या दिवशी शाळेला दांडी. आनंदा आनंदानं सगळ्याला हो म्हणतो.

आमच्या धंद्यात कुठल्याही मोठ्या कामाआधी अटींचा कागद होतो: कोण काय, कधी, किती वेळात देणार. दादाची यादी तसलाच कागद आहे, आणि तो लिहिणाऱ्यानं स्वतःच्या बाजूचं काहीही सोडलेलं नाही. पोराच्या दिवसातले मळ्याला फारसे न लागणारे तास त्यानं शाळेला दिले, आणि त्यातही शेवटच्या कलमानं पळवाट ठेवली. बालपण म्हणजे मोकळा वेळ अशी आपली समजूत असते. या करारात मोकळा वेळ नावाचा रकानाच नाही. शाळा हाच आनंदाचा मोकळा वेळ.

‘मुलाच्या नजरेतून’ असं आपण एखाद्या कादंबरीबद्दल म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा निरागसपणा अपेक्षित असतो. मोठ्यांचं जग अर्धवट समजलेलं, त्यामुळे गोड किंवा करुण. आनंदाची नजर तशी नाही. ती कामकऱ्याची नजर आहे, फक्त उंची कमी. गुऱ्हाळाचंच घ्या. दादाला आपलं गुऱ्हाळ गावात सगळ्यांआधी सुरू करायचं असतं. बाजारात गूळ लवकर गेला की भाव चांगला मिळतो हा त्याचा हिशोब. बाकीच्या शेतकऱ्यांचा हिशोब उलटा: ऊस जरा जास्त दिवस उभा राहू दिला तर रसातलं पाणी कमी होतं, रस दाट होतो, गूळ जास्त पडतो. दोन्ही हिशोब पोराला तोंडपाठ. दादाच्या घाईमागचं आणखी एक कारणही त्याला ठाऊक आहे: काम लवकर उरकलं की बाप गावात हिंडायला मोकळा. इतकं सगळं ज्याला दिसतं तो निरागस कसा असेल? पण तो कडवटही नाही. जे दिसतं ते सांगतो आणि पुढच्या कामाला लागतो.

या कादंबरीची ताकद अशा जागी आहे. दारिद्र्य इथे वर्णन करून दाखवलेलं नाही, ते कामांच्या क्रमानं येतं. कुठलं काम कुणी करायचं, कोण चुकवतं, कुणाच्या अंगावर पडतं. वाचताना हळूहळू आपल्यालाही त्या घराची पाळी कळायला लागते. म्हणूनच तिचा मधला भाग काहींना लांबलेला वाटतो. तो लांबलेला आहेच, कारण ते दिवसच तसे आहेत, एकासारखा एक.

शाळेत गेल्यावरही सुख लगेच मिळत नाही. बरोबरीचे पुढच्या वर्गात गेलेत. आनंदा आपल्यापेक्षा लहान पोरांत बसलाय, अंगावर धोतर, गळ्यात मळकं उपरणं. वर्गातला एक दांडगट पोरगा ते ओढून मास्तरांच्या टेबलावर टाकतो, त्याची नक्कल करतो, आणि वर्ग हसतो. घरी आल्यावर आनंदा आईमागे लकडा लावतो: चड्डी आणि टोपी आण. आठवडाभरात ती येते. कादंबरीत हे दोन-चार वाक्यांत उरकतं, पण पुढच्या सगळ्याची सुरुवात इथे आहे. शाळेत शिकायचं तर आधी मळ्यातल्यासारखं दिसणं सोडायला हवं. नंतर वसंत पाटील नावाचा हुशार मॉनिटर भेटतो आणि आनंदा त्याच्यासारखं वागायला लागतो, वह्यापुस्तकांना तशीच कव्हरं घालतो, गणितात त्याच्या जवळ जाऊन पोचतो. मग मास्तर त्याला ‘आनंदा’ म्हणून नीट नावानं हाक मारतात. ही हाक त्याला नवी आहे.

आणि मग सौंदलगेकर मास्तर. मराठी शिकवणारे, कविता गाऊन शिकवणारे, हावभावांसकट. कवींना भेटल्याच्या आठवणी सांगणारे. एकदा ते स्वतःच्या दारावरच्या मालतीच्या वेलावर कविता करतात. आनंदानं तो वेल पाहिलेला असतो. म्हणजे कवी आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो, आणि जे रोज दिसतं त्यावरच कविता होते, हे त्याला तेव्हा कळतं. तिथून मळाच बदलतो. पूर्वी एकट्यानं पाणी पाजणं, गुरं राखणं त्याला खायला उठायचं. आता एकटेपणा हवासा वाटतो. मोठ्यानं गाता येतं, नाचता येतं. वाफा कधी भरला याचं भान राहत नाही. मग तो स्वतः कविता जुळवतो, पिकांवर, रानफुलांवर, गुरांवर. कागद नसला तर काठीनं म्हशीच्या पाठीवर ओळी ओढतो, नाहीतर खड्यानं दगडावर. पाठ झालं की पुसून टाकायचं.

म्हशीच्या पाठीवर लिहिणारा मुलगा ही मराठी गद्यातल्या सगळ्यात सुंदर प्रतिमांपैकी एक आहे, असं मी बिनधास्त म्हणेन. पण तिच्या शेजारीच असलेल्या एका गोष्टीकडे सहसा कुणी बघत नाही. कविता दाखवायला आनंदा मास्तरांकडे जातो तेव्हा ते त्याला छंद, अलंकार सांगतात, शुद्ध कसं लिहायचं तेही सांगतात. त्याची मराठी ‘सुधारायला’ लागते. लिहिताना तो जपून लिहायला लागतो.

‘झोंबी’ वाचताना कान उघडे ठेवले तर ऐकू येतं की संवाद कागलच्या बोलीत आहेत आणि निवेदन बरंचसं प्रमाण मराठीत. आई, दादा, शेजारीपाजारी सगळे एका भाषेत बोलतात. त्यांची गोष्ट सांगणारा दुसऱ्या भाषेत. आता याच लेखकाची १९७१ची ‘गोतावळा’ शेजारी ठेवा. तिथला नारबा हा शेतावरचा गडी अख्खी कादंबरी आपल्या बोलीत सांगतो, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. जनावरं, झाडं, पिकं हाच त्याचा गोतावळा, आणि मालकाचा ट्रॅक्टर येतो तसा तो एकेक करून सुटत जातो. नारबानं मळा सोडलेला नाही, म्हणून त्याची भाषा मळ्याची आहे. आनंदानं तो सोडला. नजर मळ्यातल्या पोराची राहिली आणि शब्द मास्तरांच्या वर्गातून आले. यादव बोलीत उत्तम लिहू शकत होते हे ‘गोतावळा’नं आधीच सिद्ध केलेलं, तेव्हा हा फरक हाताला लागेल तसा झालेला नाही. ग्रामीण साहित्य चळवळीचा हा महत्त्वाचा विचारवंत स्वतःची गोष्ट सांगताना प्रमाण मराठीकडे वळतो, कारण ती गोष्टच त्या भाषेपर्यंत पोचण्याची आहे.

माझ्या मते ‘झोंबी’चा खरा शेवट तिच्या शेवटच्या पानावर नाही, तो प्रत्येक पानावर आहे. निवेदनाचं प्रत्येक वाक्य सांगतं की हा मुलगा जिंकला. आणि अवतरणचिन्हातलं प्रत्येक वाक्य सांगतं की ज्यांच्यातून तो निघाला ते तिथेच राहिले. ज्या आईनं रात्री वाड्यावर जाऊन त्याला शाळा मिळवून दिली, तिची भाषा त्याच्या पुस्तकात अवतरणचिन्हांच्या आत राहते. हे कुणाचं पाप नाही. शिक्षणाचा हा दर आहे, आणि यादवांनी तो लपवलेला नाही.

माझ्यासारख्या, ज्यांच्या घरात इंजिनिअरिंगची पदवी पहिल्यांदाच आली, त्यांना हे जरा जास्तच जाणवतं. ऑफिसच्या कॉलवर मी एका भाषेत बोलतो, गावाकडच्या फोनवर दुसऱ्या, आणि हा लेख तिसऱ्या भाषेत लिहितोय. यातली कुठली माझी, असा प्रश्न मला रोज पडत नाही. ‘झोंबी’ वाचताना पडतो.

कादंबरीबद्दल एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. दादाला ती आतून बघत नाही. त्याचा आळस, मारझोड, बाहेर हिंडणं सगळं दिसतं. पण तो असा का झाला, एवढ्या तोंडांचं घर ओढताना त्याच्या डोक्यात काय चालायचं, तिकडे निवेदक फारसा जात नाही. मुलाच्या नजरेचं कारण पुढे करता येईल: मार खाणाऱ्या पोराला बापाचं मन कुठून दिसणार? पण निवेदकाकडे प्रौढ माणसाची भाषा आहे हे आपण आत्ताच पाहिलं. भाषा मोठ्याची घ्यायची आणि समजूत लहानाची ठेवायची, ही सोय काही जागी खटकते. गुळाच्या भावाचे दोन हिशोब समजावून सांगणाऱ्या निवेदकाला बापाचाही हिशोब मांडता आला असता. दुसरं असं की ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली कारण तिचा नायक लिहिता झाला. ज्या आनंदाला देसाई भेटले नाहीत त्याची ‘झोंबी’ नाही. ‘जिद्द असली की होतं’ असं म्हणण्याआधी तो दुसरा आनंदा डोळ्यांपुढे आणावा.

तो अजून आहेच. आज शिक्षणहक्क कायदा आहे, २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क आहे. तरी दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात, कोल्हापूर-सांगलीकडे येतात, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर पोरंही असतात. वसतिगृहं आहेत, योजना आहेत, तरी कित्येकांचं शाळेचं वर्ष मधेच मोडतं. आनंदाला शाळेतून ओढून आणलं होतं ते उसाच्या मळ्यात. पीक तेच आहे, मुलूखही तोच. फक्त मळ्यातलं पोरगं आता दुसऱ्या जिल्ह्यातलं आहे, आणि त्याच्या आईला गावात वाडा कुठला हेही माहीत नाही.

‘झोंबी’ जाडजूड आहे. मोबाइलवर एका दमात संपणारी नाही, आणि एका दमात वाचूही नये. लोकलमध्ये, रात्री झोपताना, वीस-वीस पानं वाचा. संवाद आला की तो मोठ्यानं वाचा, मग पुढचं निवेदन मोठ्यानं वाचा. दोन्हींच्या मधे जी फट ऐकू येईल, तिच्यात एक अख्खं बालपण खर्च झालेलं आहे.